बाळाजीच्या पत्र्यावरची तार

धुकं इतकं दाट की हिरामणला आंब्यावरची आपलीच एरियलची तार दिसेना. पालेगावच्या अंगणात जळकी मोटार पायात धरून तो छिन्नीने आतली तांब्याची गुंडाळी तोडत होता. पोटाला उल्हासनगर कॅम्प एकातलं, जळक्या मोटारींत नवी तार भरायचं काम. नाद मात्र रेडिओवरून देशभर बोलण्याचा, सरकारी लायसन घेऊन.

तारेचं दुसरं टोक शेजारच्या बाळाजीच्या पत्र्याला. "बांध रे, पत्रा काय झिजतोय?" म्हणत शिडी बाळाजीनेच धरली होती. पुढे त्याला लकवा झाला. खाटेवरून टीव्ही तेवढा दिसे, आणि हिरामण बोलायला लागला की त्यात आडवे पट्टे.

"हिरामणा, आवर ना तुझं मशीन," बाळाजीची बायको कौसाबाई येऊन सांगे. "माणूस नुसता भिंत बघत पडतो."

"काकी, तुमचा डबाच भंगार. तारेच्या मध्यावर, रेडिओची केबल जोडते तिथे, मी बालून बसवलाय, दोन्ही बाजू सारख्या ठेवणारी गुंडाळी, माझ्या हातची!"

"बालून का फालून!"

हिरामणला वाटे, रोज मोटारी भरणारा हात चुकेल कसा? शेवटी तिने यायचंच सोडलं. दिवाळीआधी बाळाजी गेला.

परवा तिने पत्रे बदलायला काढले, तार बांबूला बांधली, आणि हिरामण बोलत असतानाही तिच्या टीव्हीत एक पट्टा आला नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख झालं. आजवर तारेचा एक हात, म्हणजे अर्धी बाजू, मोकळ्या हवेत, एक पत्र्याला खेटून. त्याचा बालून दोन्ही हातांना व्होल्टेज सारखं देई. पण हातच असमान, मग करंट सारखा कुठला? उरलेला केबलच्या जाळीवरून, बाहेरच्या अंगाने, सामाईक भिंतीने खाली उतरे. थेट बाळाजीच्या टीव्हीमागून.

नवे पत्रे चढले, तार पुन्हा जागेवर गेली. काल त्याने बालून काढून केबलचेच वेढे पाइपावर गुंडाळले. बाहेरून उतरणाऱ्या करंटची वाट अडली. ना कसब, ना खर्च.

छिन्नी ठेवून तो आत गेला, माईक धरला. "काकी, टीव्ही लावा!"

"बघणारा गेला की रे." तरी तिने लावला.

तो बराच वेळ बोलला. मग भिंतीशी आला. "पट्टे?"

"न्हाईत. साफ हाय. मग तवा का नाय जमलं तुला?"

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा खटका ऐकू आला. अंगणात येऊन त्याने मोटार पुन्हा पायात धरली नि छिन्नी उचलली.