पारावर विचारलेली गरज

त्या दिवशी बौद्धवाड्यात मी गेलोच नव्हतो. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. एका धर्मादाय संस्थेत मला नुकतीच नोकरी लागली होती. संस्थेकडे बोअरची गाडी होती, आणि ती गावात नेण्याआधी तिथं जाऊन विचारायचं काम माझं: पाणी कुणाला लांब पडतं, कुठं खोदलं तर सगळ्यांना पुरेल. एका गावाला एकच हातपंप. मी सांगेन तिथं तो बसायचा. साहेबांनी मला घेतलं तेही त्यासाठीच. म्हणाले होते, "तू बौद्ध घरातला आहेस. गावात कोण बोलतं आणि कोणाला बोलू देत नाहीत, हे तुला शिकवावं लागणार नाही."

शेलूबाजारहून आत एका गावी जीपनं मला सोडलं आणि ती पुढं गेली. त्याच गावच्या बौद्धवाड्यात माझी आत्या दिलेली. म्हणजे मला तिथं काही विचारायचीही गरज नव्हती. तिथल्या बायका नाल्याच्या वाळूत झिरा उकरतात आणि वाटीवाटीनं घागर भरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पण उतरलो तो मारुतीच्या पारापाशी. माणसं जमली होती, पाटील पुढं.

"आडनाव काय म्हणता, साहेब?"

सांगितलं. आमचं आडनाव कुणब्यांतही आहे.

"मंग तं आपलेच निंगाले! या, असे वर बसा." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी नाही म्हणालो नाही. खोटं असं काही बोललो नव्हतो, असं पुढं कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घालत आलो.

दीक्षेनंतर आमची माणसं देवळाच्या पाराकडे फिरकत नसत. तेव्हा पारावर बसून गावाची गरज विचारायची म्हणजे त्यांना सोडून विचारायची. हे कळत होतं, आणि मी विचारत होतो.

"गरज इचारून राह्यले ना साहेब? मंग माह्या पोराले बायको पायजे!"

"पह्यले त्याले काम पायजे. बापासारखा दिवसभर बसून राह्यते!"

हशा झाला. मीही हसलो, जरा जास्तच.

"पंप इथंच बसू द्या, पारापाशी," पाटील म्हणाले. "सगळ्याइले जवळ."

"सगळ्यांना?"

"हो ना. काहून?"

"काही नाही."

तेवढ्यात खालच्या रस्त्यावर आत्या दिसली. कडेवर रिकामी घागर. आई आजारी होती तेव्हा वर्षभर मी त्या कडेवर वाढलो होतो. तिनं मला पाहिलं, चेहरा फुलला, नाव अगदी ओठांवर आलं. मग तिला माझी बसायची जागा दिसली, पाठीवरचा हात दिसला. तिनं पदर पुढं ओढला.

"साहेब, आमच्या मोहल्ल्यात बी येता का? आमचं पाणी पाहाले?"

"येतीन ना बाई, जाय तू," पाटील म्हणाले. "पह्यले जेवू तं दे त्याइले."

"येतो, बाई," मी म्हणालो.

बाई म्हणालो मी तिला. ती मान हलवून निघून गेली.

पाटलांच्या घरात त्यांच्या पंगतीला बसून जेवलो. मग त्यांनी ओसरीवर बाज टाकून दिली. पडायचो, उठायचो, चपला घालायचो, पुन्हा बसायचो. बौद्धवाडा हाकेच्या अंतरावर. तिथं गेलो असतो तर आत्याची पोरं 'दादा, दादा' करत अंगाला झोंबली असती, आणि पंगतीला कोण बसलं होतं ते पाटलांना कळलं असतं. मग काय झालं असतं? शिव्या दिल्या असत्या. पंप कुठं बसवायचा हे तरीही माझ्याच हातात होतं. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. ते 'आपलेच' मला सोडवत नव्हतं. हे लिहायला इतकी वर्षं लागली.

जीप आली. मी निघालो.

"बौद्धवाड्यात गेला होतास ना?" संध्याकाळी साहेबांनी विचारलं.

"गेलो होतो. नाल्यात झिरा आहे, त्यांचं भागतं."

मी सांगतोय म्हटल्यावर त्यांनी पुढं विचारलं नाही.

पंप पारापाशी बसला. आमच्या बायकांनी त्याच्या दांड्याला हात लावायचा नाही. कुणाच्या मनात आलं तर तो हापसून वरून ओतणार, नाही आलं तर नाही. आत्याची घागर पुन्हा नाल्याकडे वळली.

बहिणीच्या लग्नाला ती आली तेव्हा मी मांडवात तिला टाळत फिरत होतो. शेवटी चुलीपाशी तिनं गाठलंच.

"तुमच्या आफिसात त्या गाड्याच कमी असतीन, नाही रे बाबू?"

पंप वस्तीत का आला नाही, याचं कारणही तिनंच शोधून आणलं होतं.

"हो आत्या, कमीच आहेत."

पुढं सरकारी नळ आला. आता पाण्यानं फेडायचं म्हटलं तरी सोय उरलेली नाही. आत्या आहे अजून, थकली आहे. तिच्याकडे जातो, चहा संपायच्या आत उठतो. "बस ना, काहून असा करतं?" म्हणते. वस्तीतली माणसं अजून समजतात की पंप नशिबात नव्हता.

तो मी येऊ दिला नाही, आणि कशासाठी येऊ दिला नाही, हे आत्याला आणि त्या वस्तीला तोंडानं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.