धबधब्यावरच्या कोतऱ्या आणि आमचे जवाईबापू

ही सहल ठरली ती बोटाएवढ्या माशांमुळे. आमचे जवाईबापू निखिल रायपूरला माशांवर संशोधन करतात. कवर्ध्याकडच्या डोंगरातल्या एका धबधब्याच्या वरचे आणि खालचे जिवंत मासे त्यांना आणायचे होते, सोबतीचा सहकारी तापाने झोपला, आणि लेकीने परस्पर माझं नाव सुचवलं. मी भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर, नेहरू नगरात राहणारा, गाडी चालवण्याचा शौकीन. नाही कशाला म्हणतो?

खरं सांगायचं तर धाकधूक होती. लग्नाला वर्ष झालं तरी आम्हा दोघांचं बोलणं "जेवले का?" आणि "हो जी" यापुढे सरकलं नव्हतं.

भिलाईहून सकाळी लवकर निघा. दुर्ग, धमधा, बेमेतरा, कवर्धा असा रस्ता आहे. चहाचे थांबे धरून तीन-साडेतीन तास लागतात. बेमेतरा सोडलं की उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात, पण चिडू नका, काच खाली करा. गुऱ्हाळांवरून ताज्या गुळाचा वास येतो. कवर्ध्याला बसस्टँडजवळ गरम फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या, आणि टमाटरची चटणी खाल्ली. दोघांचं पोट शंभरात भरलं.

तिथे मी धीर करून विचारलं, "जवाईबापू, मासोळी ते मासोळी. वरची काय न् खालची काय?"

निखिलचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हे आधीच विचारायला हवं होतं.

"मामाजी, जनुकं दोघींची जवळपास सारखीच आहेत. पण कोणतं जनुक किती जोरात काम करते, त्यात फरक दिसून राहिला."

कोतरी म्हणजे हीच बोटाएवढी मासोळी. धबधब्याखालची वर चढू शकत नाही. वरची पिढ्यान् पिढ्या जोराच्या पाण्यात एकटी पडलेली. तिच्या स्नायूंमधली काही जनुकं खालचीपेक्षा जास्त चालतात. का?

"एक तर पाण्याचा परिणाम असन. नाही तर नुसता योगायोग. नाही तर मग निसर्गानं पिढ्या-पिढ्या तेच निवडलं असन."

"मंग वळखाचं कसं?"

"दोघींची पिल्लं एकाच पाण्यात वाढवाची. तरी फरक राह्यला, तर दोष पाण्याचा नाही. आन् तीन वेगळ्या ओढ्यांत वरच्या मासोळ्यांची तीच जनुकं जास्त चालली, तर योगायोग तरी किती वेळा म्हणाल?"

दोन ओढे झाले होते. हा तिसरा. मागच्या वर्षी याच्या वरच्या डोहात एकही मासा सापडला नव्हता, आणि प्रकल्पाचा हा शेवटचा हंगाम होता.

वाटेत भोरमदेवचं मंदिर पाहिलं. गर्दी नसताना जा, दगडातल्या मूर्ती निवांत बघता येतात. ओढ्याचं नाव मात्र मुद्दाम देत नाही. तिथले मासे पकडायला परवानगी लागते, ती निखिलकडे होती.

खालच्या डोहात जाळं टाकताच कोतऱ्या मिळाल्या. मग धबधब्याच्या कडेने वर चढलो. वर निखिलने जाळं टाकलं, पुन्हा टाकलं, जागा बदलून टाकलं. पाला आणि एक खेकडा. दुपार कलली. कमरेपर्यंत भिजलेला जावई खडकावर बसून पाण्याकडे बघत होता. मला त्याची फार माया आली.

"आदी जेवा," मी म्हणालो. "उपाशी पोटी मासोळी बी फसत नाही."

हिने दिलेली भाकरी आणि झुणका खाल्ला. डबा धुवायला मी एका खडकाआडच्या कोपऱ्यात वाकलो. भाकरीचा चुरा पाण्यात गेला आणि खालून चांदीच्या चिमट्यांसारखं काही सळसळलं.

"निखिल!" मी ओरडलो. जवाईबापू म्हणायचं राहूनच गेलं.

तो धावला, घसरला, बसल्या बसल्याच त्याने जाळं घातलं. कोतऱ्या! नरही, माद्याही. आम्ही दोघं त्या गार पाण्यात लहान पोरांसारखे नाचलो.

परतीला बेमेतऱ्याच्या अलीकडे माशांच्या टबांत हवा सोडणारा पंप बंद पडला. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

"निखिल, तू गाडी चालव. मी मांगं बसतो."

मागच्या सीटवर दोन टबांच्या मध्ये बसून मी दोन्ही हातांनी मगाने पाणी उचलत होतो, वरून सोडत होतो. हवा मिसळायला तेवढंच हाती होतं. रेल्वे फाटकाशी थांबलो, तर शेजारच्या टेम्पोवाल्याने डोकावून विचारलं, "कका, मछरी बेचथस का?"

"नइ भाई, नहवावत हंव!" मी म्हणालो. त्याने विचारलं होतं, मासे विकतोस का; मी म्हटलं, आंघोळ घालतोय. निखिल स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. दुर्गला नवा पंप मिळेपर्यंत माझे खांदे गेले होते, मासे मात्र सगळे शाबूत.

त्या कोतऱ्यांची पिल्लं रायपूरला, एकाच पाण्याच्या टाक्यांत वाढली. मग एका रविवारी फोन आला.

"मामाजी, उत्तर आलं! लई जनुकांबद्दल काई सांगता येत नाही. पण मूठभर अशी आहेत, का तिन्ही ओढ्यांत वरच्यांच्या पिल्लांत बी जास्तच चालतात. ही निवडच वाटून राहिली."

"आन् पिल्लांनी तर ओढा बी नाही पाह्यला!"

"तेच तर!"

दुसऱ्या दिवशी बागेत फिरताना मी हे सगळं मित्रांना सांगितलं. लांजेवारांनी विचारलं, "पण याचा फायदा काय, भाऊ?"

"फायदा मले नाही ठाऊक," मी म्हणालो. "पण काचेच्या टाकीत जलमलेलं पिल्लू आहे. त्यानं धबधबा कदी पाह्यला नाही, आन् तरी धबधबा त्याच्या अंगात आहे. हे समजल्यापासून मले रोज सकाळी उठल्या उठल्या बरं वाटून राहिलं."

बागेचं फाटक आलं होतं, पण लांजेवार बाहेर वळले नाहीत.

"अजून एक चक्कर मारू," ते म्हणाले. "ते पिल्लाचं पुन्ना सांग."