एक मासिक बाळबोध

मासिक मामा कधी पूर्ण हातात घेत नसत. अंगठा आणि तर्जनीत त्याचा एक कोपरा धरायचे, मेलेलं झुरळ उचलावं तसं ते अंगापासून लांब न्यायचे, मान मागे घ्यायचे आणि म्हणायचे, "ओंगळ."

हा शब्द आमच्या सांगलीत आता कोणी फारसा वापरत नाही. आम्ही 'चीप' म्हणतो, 'बकवास' म्हणतो. तो मला भेटला चेन्नईत, टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांमागे आमची सोसायटी होती तिथं, टेबल-टेनिसच्या टेबलापाशी. भेटला आणि बरं वाटलं, कारण त्या टेबलावर जे मांडून ठेवलेलं होतं त्याला दुसरा शब्द शोभला नसता.

सोसायटीत मुलांसाठी वाचनाची एक खोली होती. पुढच्या वर्षी तिथं कोणती मासिकं यायची ते दर डिसेंबरात, त्या टेबलावर नमुन्याचे अंक मांडून ठरायचं. ठरवणारे आम्ही तिघं: सेक्रेटरीबाई, मी आणि हे मामा. सोसायटीत सगळे त्यांना तमिळ रीतीनं 'मामा' म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीची पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसणारे, तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज राजांबरोबर दक्षिणेत उतरले ते परत फिरलेच नाहीत. घरात मात्र मराठी टिकली होती, जुनी, तमिळच्या चालीवर बोलली जाणारी. माझी मराठी ऐकून ते हसायचे. "सांगलीकर, तुम्ही फार धांवत बोलतां," म्हणायचे.

तुम्ही मुलांची मासिकं कधी वाचली आहेत का? मुलांच्या हातात ठेवून आपण मोकळे होतो, ते नव्हे. स्वतः बसून, पहिल्या पानापासून? मी सलग तीन वर्षं, दर डिसेंबरात वाचली. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत प्लास्टिकची शिट्टी, प्लास्टिकचा बेडूक, प्लास्टिकचं काहीतरी. शिट्टी विकायची म्हणून मासिक काढलेलं. आत उंची वाढवणाऱ्या पेयाची जाहिरात, तिच्यासमोर स्पर्धा, स्पर्धेत बक्षीस तेच पेय. एक गोष्ट बरी चालली होती, तर शेवटच्या ओळीत नायकानं बिस्किटाचा पुडा फोडला आणि कळलं की ही गोष्ट नव्हतीच. एका मासिकात नऊ-दहा वर्षांच्या मुलींना वाढदिवसाच्या पार्टीत बारीक कसं दिसावं ते शिकवलं होतं. ते लिहिणाऱ्या माणसाला घरी मुलगी असेल का, असं मला वाटलं, आणि असेल तर त्याहून वाईट वाटलं.

एका अंकात स्ट्रॉबेरीचं पान होतं. चोळा आणि वास घ्या. मामांनी चोळलं, वास घेतला, उठले आणि बेसिनवर जाऊन साबणानं हात धुऊन आले.

"ह्यांत वाचायास काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वास आहे," मी म्हणालो.

"ओंगळ," ते म्हणाले, आणि त्या अंकाचा कोपरा धरून तो खुर्चीखाली ठेवला. टेबलावरसुद्धा राहू दिला नाही.

पालकांचं वेगळंच. त्यांना गोष्टी नकोत, जनरल नॉलेज हवं. जगातला सगळ्यात लांब पूल, सगळ्यात जड भोपळा. "पुढे उपयोग होईल असं काहीतरी मागवा," असं जिन्यात गाठून सांगायचे. भोपळ्याचं वजन माहीत असण्याचा पुढे काय उपयोग होतो, हे मला आजवर कळलेलं नाही. अशी दोन मासिकं दरवर्षी यायचीच. मी चिडायचो, मामा नुसते नाक मुरडायचे.

मी सांगतो आहे त्या डिसेंबरात मात्र मामांना स्वतःला काहीतरी हवं होतं. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि चप्पल न काढताच बोलू लागले. त्यांचा मुलगा शहराबाहेर, सिरुसेरीच्या एका आयटी कंपनीत होता. त्याची बदली अमेरिकेत ठरली होती, शाळा संपली की जूनमध्ये सगळे जाणार. मामा जाणार नव्हते. नात नऊ वर्षांची. घरची मराठी ती फाडफाड बोलायची. शाळेत तिला तमिळ होतं आणि फ्रेंच होतं. देवनागरीतलं एक अक्षर तिला येत नव्हतं.

"तिच्या कानांत आहे, डोळ्यांत नाहीं," मामा म्हणाले. "तिकडे कानांतलं किती दिवस राहील? वाचूं लागली तर राहील. मी पाटी घेऊन बसलों तर पळते. मासिक आलं तर आपण होऊन उघडेल."

मी म्हणालो, उद्या मांडू. आणि दुसऱ्या दिवशी मीच ऑफिसात अडकलो. माझंही ऑफिस सिरुसेरीलाच; तिथं तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या, बस मिळेल तेव्हा मिळायची. माझ्यावाचून मीटिंग झाली. मामांनी सांगितलं, सेक्रेटरीबाईंनी लिहून घेतलं. छान झालं, असं दोघंही मला म्हणाले.

जानेवारीत पाकीट आलं. मामांनी ते वॉचमनकडून स्वतः आणलं आणि नातीला हाक मारून तिच्यासमोर फोडलं. आत इंग्रजी मासिक, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. ठिपके जोडा, बदक रंगवा. बदकाच्या चित्राशेजारी प्लास्टिकचं बदक. नात म्हणाली, "ताता, मी बेबी आहे कां?" आणि खेळायला निघून गेली.

सेक्रेटरीबाई पुण्याच्या, वाईट नव्हत्या. त्या खरंच गोंधळल्या. "पण मामा, तुम्हीच म्हणालात ना, एक मासिक बाळबोध असू द्या? मी म्हटलं, असेल कोणी लहान नातेवाईक. सगळ्यात बाळबोध जे होतं तेच मागवलं."

 मामा सावकाश म्हणाले, "बाळबोध म्हणजे अक्षर, अम्मा. देवाच्या पोथीचं अक्षर. मोडी हिशेबास, बाळबोध पोथीस. आमच्या घरांत असंच म्हणतेत."

आपल्याकडेही एके काळी असंच म्हणत. आता बाळबोध म्हणजे अगदी सोपं, पोरकट. पण बाईंना ते भलतंच गमतीचं वाटलं. वर्गणी वर्षाची भरून झाली होती, आता पुढच्या डिसेंबरात बघू, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला आणि पुढे महिनाभर मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात, वाढदिवसात ही गोष्ट मामांच्या चालीत सांगून लोकांना हसवलं. एकदा मी समोर होतो. लोक तोंडात बटाटेवडा धरून हसत होते. मला त्या वड्याचीही शिसारी आली. मी तो बशीत तसाच ठेवून निघालो.

मग मी सांगलीला भावाला फोन केला आणि मुलांचं एक मराठी मासिक स्वतः लावून घेतलं. त्याला म्हटलं, जे सगळ्यात जास्त खपतं ते पाठव. ते आलं एप्रिलमध्ये. मी ते न उघडता, मोठ्या ऐटीत मामांच्या हातात दिलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मासिक दोन्ही हातांनी धरलं. चष्मा लावला, पहिलं पान काढलं आणि बोट ठेवून वाचू लागले:

"हाय फ्रेंड्स. समर व्हेकेशनमध्ये फुल टू धमाल करायला रेडी आहात ना?"

त्यांनी बोट उचललं. माझ्याकडे पाहिलं. "ही कोण्ती भाषा, सांगलीकर?"

 मी पान उलटलं. पुढे उंची वाढवणारं पेय होतं, तेच, या वेळी मराठीत. त्याच्या पुढे 'सुपर पझल'. अंकाच्या मधोमध रबरी कोळी चिकटवला होता. माझ्या मुलखातून, माझ्या भाषेत आलेली घाण होती ती, आणि मी ती हौसेनं मागवून एका म्हाताऱ्याच्या हातात ठेवली होती. मला वाटलं, आता ते कोपरा धरून ती उचलतील. त्यांनी उचलली नाही. कोळी तेवढा सोलून काढला आणि म्हणाले, "सेरी, बरं. अक्षरं तर आपलीच आहेत."

दुसऱ्या दिवसापासून नात बसू लागली. मुखपृष्ठ चकचकीत होतं, त्याचा तेवढा उपयोग झाला. मामांना 'कमळ', 'घर', 'बदक' असे शब्द हवे होते. त्या अंकात कमळ कुठेच नव्हतं. वाचनाच्या खोलीत मी पेपर चाळत बसलेला असायचो आणि मला दोघांचं ऐकू यायचं. मामा जोडाक्षर फोडून दाखवत होते, नात बोटानं टेबलावर गिरवत होती. एका संध्याकाळी ती अडखळत म्हणाली, "फ्... फ्रें... ड... ड्स." आणि एकदम खुर्चीवर उभी राहिली. "ताता, हें फ्रेंड्स म्हणून लिहिलंय. मज कळलं. हें तर सोपं आहे."

मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "भले," म्हणाले. ती धावत आईला सांगायला गेली. ती गेल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि इतक्या हळू बोलले की मला पेपर खाली करावा लागला.

"इतक्या पिढ्या जपलों," ते म्हणाले. "आणि पोरीचा पहिला शब्द हा."

मी त्या संपादकाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मे महिन्यात रोज ते बसले. अंक संपला, पुढचा आला, तोही तसलाच. मामांनी तक्रार केली नाही. जून उजाडला, सामान बांधलं गेलं. ज्या दिवशी विमान होतं त्या दिवशी मी ऑफिसात होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनाच्या खोलीत गेलो तर मामा एकटेच बसले होते, समोर काही न घेता.

"सुखरूप गेली ना सगळी?" मी विचारलं.

"गेलीत. पोरीनें वाचलं," ते म्हणाले. "एअरपोर्टांत. मी दाखवलों नाहीं, सांगितलों नाहीं. वरती तिन्ही भाषांत पाटी होती. इंग्रजी सोडली, तमिळ सोडलं, आणि बाळबोध वाचली. मोठ्यानें, एका दमांत. लोक वळून पाहिलेत."

"काय वाचलं?"

"प्रस्थान." त्यांनी तो शब्द तिच्यासारखाच, अक्षर अक्षर दाबून म्हटला. "मग मज पुसली, ताता, म्हणजे काय म्हणून."

 बाहेर मुलं टेबल-टेनिस खेळत होती.

"जाणें म्हणून सांगितलों," मामा म्हणाले. "त्याच पाटीखालून आंत गेली."