केसाइतकी कड

ही गोष्ट मी सहा वर्षे कोणालाही सांगितली नाही. पत्नीला नाही, ज्या संग्राहकांच्या गटात रोज वावरलो त्या गटातही नाही. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना मागच्या रविवारी सांगितली, त्यांच्यानंतर तुम्हीच. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही — पण लिहितो आहे.

मी जबलपूरला दीक्षितपुऱ्यात राहतो. वय पंचावन्न. एका सरकारी कचेरीत आरेखक आहे. नकाशे काढणे, कापणे, जोडणे हे माझे काम. फावल्या वेळात जुनी क्रिकेट कार्डे विकतो — आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटातून निघत, ती. फोटो काढून ऑनलाइन टाकायचा, खाली कार्डाची स्थिती लिहायची, मागणी आली की दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पोस्टाने पाठवायचे. घेणाऱ्याला कार्ड हातात धरून पाहता येत नाही. तो त्या एका ओळीवर विश्वास ठेवतो. माझ्या ओळीला मान होता. का नसावा? कोपरा दबलेला असेल तर मी दबलेला लिहीत असे. पाठीमागे शाईचा ठिपका असेल तर त्याचा वेगळा फोटो देत असे.

एका कार्डाच्या बाबतीत मात्र —

ते एका यष्टिरक्षकाचे कार्ड होते, मालिकेत सर्वांत कमी सापडणारे. त्याची उजवी कड वरपासून खालपर्यंत झिजून पांढरी पडली होती. मी पोलादी पट्टी ठेवली आणि पात्याच्या एका ओढीत ती कड काढून टाकली. केसाइतकी रुंदी. आमच्या छंदात झिजलेले कार्ड विकता येते, कापलेले नाही. मला हे माहीत नव्हते का? नवख्यांना ते मीच शिकवत असे. तरी खाली लिहिले — कडा उत्तम.

तेव्हा काही वाटले नाही. आजही त्या क्षणाकडे पाहताना, खरे सांगायचे तर, वाटत काहीच नाही, फक्त दिसते.

कार्ड मझौलीच्या वानखडे नावाच्या गृहस्थांनी घेतले. शिलाई मशिने दुरुस्त करण्याचे त्यांचे छोटे दुकान होते. घराणे मूळचे विदर्भातले, म्हणून आमचे बोलणे हिंदीतून सुरू होऊन लवकरच मराठीवर आले होते. त्यांची मालिका त्या एका कार्डावाचून अडली होती. पार्सल पोचल्यावर दोन दिवसांनी त्यांचा आवाजी संदेश आला. त्यात राग नव्हता, उलट संकोच होता.

"दादा, गलत नका समजू. दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिलं, तर खालचं जरासं बाहेर दिसून राहिलं. तुम्हाला कोणी असंच विकलं होतं काय?"

पाहिलेत? सुटकेची वाट त्यांनी स्वतःच काढून दिली होती. हो म्हणालो असतो तरी निदान त्यांचे नाव राहिले असते. मी तेवढेही केले नाही. कळवले की हे माझे कार्डच नव्हे. आपल्याजवळचे कापलेले कार्ड दाखवून तुम्ही माझे चांगले कार्ड दाबू पाहता.

आमच्या गटाची एक रीत आहे. अप्रामाणिक माणसांची नावे गावासह एका यादीत लिहितात, आणि पार्सल पाठवण्यापूर्वी प्रत्येक विक्रेता ती यादी पाहतो. यादी सांभाळणारा मीच होतो. वानखडे गटात काही विचारतील या भीतीने मी आधीच त्यांचे नाव लिहून टाकले — 'कार्ड बदल देते हैं, लेन-देन न करें'.

कोणी पुरावा मागितला नाही. मी लिहिले आहे म्हटल्यावर कोण मागणार? गोहलपूरचा आमचा एक छापखानेवाला सदस्य आहे, त्याने लिहिले, "मशीन के साथ कार्ड भी रिपेयर करते हैं क्या भैया?" लोक हसले. मीही हसण्याचे चिन्ह टाकले. दुसऱ्या दिवशी वानखडे गटातून निघून गेले. त्यानंतर त्यांना कोणी एकही कार्ड विकले नाही, हे मला माहीत आहे. कारण विकण्यापूर्वी लोक मलाच विचारत.

गेल्या दिवाळीनंतर यादी नव्याने करायची ठरली. काम हाती घेतलेल्या मुलीने मला विचारले, "काका, मझौलीवाले का नाम पक्का है ना? रहने दूँ?" मी कारण न सांगता ते नाव काढू शकलो असतो. मी लिहिले — रहने दो.

पहिले खोटे भीतीपोटी होते, असे मी मनाशी म्हणत आलो होतो. हे कशापोटी होते? सहा वर्षांनी भीती कुठली? बोट आपोआप चालले, आणि मी चहा प्यायला उठलो. तो चहा मला नीट आठवतो. त्यात साखर जास्त होती.

शेवटी नाव काढायला लावले, पण तेही कित्येक आठवडे गेल्यावर. कारण गटात सांगितले नाही. ते आधी वानखड्यांना कळायला हवे होते. हा मजकूर आता गटातही जाईल.

रविवारी बसने मझौलीला गेलो. दुकान उघडे होते. दोन बायका मशीन घेऊन थांबल्या होत्या. वानखडे वाकून तेल घालत होते, आणि शेजारी त्यांच्या पत्नी दोऱ्याची रिळे लावत होत्या. मी जवळ गेलो, नाव सांगितले, आणि जे सांगायचे ते सगळे हळू आवाजात सांगून टाकले. वानखडे तेलच घालत राहिले.

"जोरात बोला जी," पत्नी म्हणाल्या. "यांना आता कमी ऐकू येतं. काय झालं, मशीन बिघडली काय?"

त्या दोन बायकाही माझ्याकडे पाहू लागल्या. इथेही मी ते गुपचूप उरकायला आलो होतो का? होय. वानखड्यांनी तेलाची डबी खाली ठेवली आणि उजवा कान माझ्याकडे केला. मग मी साऱ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"वानखडेजी, मी दीक्षितपुऱ्याचा कार्डवाला. ते कार्ड मीच कापलं होतं. तुम्ही खरं बोलत होता, आणि मला ते माहीत होतं. तरी तुम्हाला सगळ्यांसमोर चोर ठरवलं. मी तुमचा अपराधी आहे."