हनुवटीला लावून दाबायचा रिमोट

इंदापूर तालुक्यात मला उघडता येणार नाही असं एकही कुलूप नाही. चौकात कुणालाही मी हे छातीठोक सांगतो. आता बायकोनं घराची कडी आतून लावली की मी मुकाट ओट्यावर बसून राहतो, ती गोष्ट वेगळी. ते कुलूप नाही, कडी आहे.

शाळेशी माझं चौथीतच फाटलं. त्याला गुरुजींच्या सायकलची हवा कारणीभूत. पुढं हयातभर भिगवण-बारामती वडापची जीप चालवली. आता हातात स्टेअरिंग नाही, म्हणून लासुर्ण्याच्या चौकात रफिक चावीवाल्याच्या दुकानात बसतो. त्याच्या दुकानातल्या फळीवर खिळेच खिळे, आणि खिळ्यांना बेवारशी किल्ल्या. लोक करायला टाकतात आणि न्यायला येतच नाहीत. किश्शांचं तसंच आहे. लोक टाकून जातात, मी खिळ्याला अडकवून ठेवतो. त्यातला एक अख्खा जुडगा तात्यांच्या गाडीचा आहे.

तात्या माझे लहानपणापासूनचे दोस्त. वालचंदनगरला कंपनीत फिटर होते. रिटायर झाले तरी चहाचा कप अजून माप घेतल्यासारखा धरतात. गाडी पांढरी, म्हणजे घेतली तेव्हा पांढरी होती. पोराची, सुहासची वरात ह्याच गाडीतनं निघाली. आता सुहासची पोरगी, ओवी, शाळेत जाते.

*

सुरुवात झाली उन्हाळ्यात. सुहास पुण्याहून बायको-पोरीला घेऊन आला होता. सगळे तात्यांच्या गाडीतनं डाळजला गेले, वहिनींच्या बहिणीकडं. आमरस झाला, निघायची वेळ झाली. तात्यांनी रिमोट दाबला. गाडी गप्प. परत दाबला. गाडी गप्प.

तुम्ही म्हणाल, किल्लीनं उघडायची. पण इतकी वर्षं रिमोटनं उघडून दाराच्या भोकात किल्ली घालायची सवयच गेली होती. भोक धुळीनं गच्च. किल्ली अर्धी आत जायची आणि अडायची. शेवटी रफिक लासुर्ण्याहून पट्टी घेऊन आला आणि काचेच्या फटीतनं दार उघडलं. तोवर सुहास, त्याची बायको, ओवी, सगळे उन्हात. आमरस आत, माणसं बाहेर उकळतायत.

घरी आल्यावर सुहास म्हणाला, "तात्या, मी दसऱ्याला येतो. तोवर ही धड झाली नाही तर विकून टाकू. आणि गाडी नसल्यावर तुम्ही दोघं इथं करणार काय? सरळ पुण्याला चला."

रफिकनं तेव्हाच सांगितलं होतं, "तात्या, ह्या भोकात रोज शिलाई मशीनचं तेल सोडा, किल्ली हळूहळू हलवत ऱ्हावा. सुटंल. पर दम धरावा लागंल."

"उभी हयात तेलात हात घातलं मी," तात्या म्हणाले. "आता न्हाय. रिमोटची गाडी हाय, रिमोटनंच उघडंल."

वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. कप घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तात्या दुकानात येऊन बाकावर बसले. "आबा, गाडी गेली की पाठोपाठ आमी. फ्लॅटमदी. गॅलरीत उभं ऱ्हायाचं आन् दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या."

मी म्हणालो, "मी हाय न्हवं?"

तात्या म्हणाले, "त्याचीच भीती वाटती."

*

घरी आल्यावर रिमोट आपोआप परत चालायला लागला, पण रेंज घटत गेली. आधी ओसरीवरनं गाडी उघडायची, मग फाटकातनं, मग बॉनेटवर हात ठेवून. एकदा आम्ही बारामतीच्या मंडईत गेलो. भाजीच्या पिशव्या हातात, गाडी समोर, आणि तात्या रिमोट दाबून दाबून घामाघूम.

मी अगदी गंभीर तोंड करून म्हणालो, "तात्या, रिमोट हनुवटीला लावा. आ करा. मंग दाबा. डोक्यातली करंट रिमोटमदी उतरती."

"तुला कुणी सांगितलं?"

"एका डॉक्टरनं."

मला आपलं तात्यांना भर मंडईत आ करून उभं केलेलं बघायचं होतं, बाकी काही नाही. तात्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, रिमोट हनुवटीला लावला, दाढ दिसेपर्यंत आ केला आणि बटन दाबलं.

गाडीचे दिवे लुकलुकले. दार उघडलं.

तात्या पिशव्या आत ठेवत मला म्हणाले, "मिट आता तोंड. उघडली गाडी."

रफिकला विचारलं तर म्हणतो, "व्हय आबा, खरंच हुतंय तसं. आपल्या अंगाची एरियल हुती." आपण थाप मारावी आणि ती खरी निघावी, यासारखा दुसरा अपमान नाही. तेव्हापासून निम्मा चौक हनुवटीला रिमोट लावून आ करतो. परवा एक टेंपोवाला करताना दिसला. त्याच्या टेंपोला रिमोटच नाही. म्हणाला, सवय लागली.

*

रेंज कमी म्हणजे सेल उतरला, हे रफिकनं सांगितलं. गोल, रुपयासारखा चपटा सेल. त्याच्याकडचे संपले होते, बारामतीहून यायचे होते. पण तात्यांना दम कुठला? घरी वहिनींचं साखर तपासायचं मशीन होतं. त्यात अगदी तसलाच सेल. तात्यांनी तो काढून रिमोटमध्ये घातला. मी बघत होतो. कंपनीतला फिटर माणूस, पण आधी उलटाच घातला. मी काही बोललो नाही. इतका आनंद रोज मिळत नाही.

सुलटा घातल्यावर गाडी ओसरीवरनं उघडायला लागली. तात्या खूश होऊन आत गेले. वहिनी शिलाई मशीनजवळ बसल्या होत्या, आणि मांडीवर जिलबीचा पुडा.

"अगं, साखर हाय न्हवं तुला?"

"मोजली कुणी?" वहिनी म्हणाल्या. "मशीन तर बंद हाय."

तात्यांनी तिथल्या तिथं सेल काढून मशीनमध्ये घातला. तोवर पुड्यात नुसता पाक उरला होता.

*

बारामतीहून नवा सेल आला. रेंज परत आली, पण बटन ऐकेना. कितीदा तरी दाबावं तेव्हा एकदा दार उघडायचं. रफिक म्हणाला, "ह्या गाडीचा दुसरा रिमोट आसंल की. त्यानं उघडली तर खोट ह्या रिमोटात. न्हाय उघडली तर गाडीत."

दुसरा रिमोट पुण्याला, सुहासच्या घरी. त्यानं तो एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिला. तात्यांनी दाबला. काही नाही. हनुवटीला लावून दाबला. काही नाही. तात्यांचा चेहरा बघवेना. दोन्ही रिमोट बंद म्हणजे गाडीच गेली कामातनं, आणि गाडीमागनं आपण पुण्याला, असा त्यांचा हिशोब.

वहिनींनी ओवीला फोन लावला. फोन स्पीकरवर. "ओवे, त्या किल्लीशी खेळत हुतीस का गं?"

"खेळत नव्हते, आजी," ओवी म्हणाली. "रोज गॅलरीतून आजोबांची गाडी उघडत होते."

रफिक हसला. म्हणाला, "मंग गाडीला काय झाल्यालं न्हाय. गाडीपास्नं लांब ऱ्हाऊन लई येळा बटन दाबलं की गाडी रिमोटला वळखंना हुती. परत वळख करून द्यावी लागती."

"आसं हाय व्हय," वहिनी म्हणाल्या. "लांबनं नुसतं बटन दाबत ऱ्हायलं की वळख जाती. सुहासला सांगा ह्ये. रोज फोन करतुया."

*

ओळख करून द्यायची म्हणजे एक विधीच असतो. रफिक गिऱ्हाइकाकडं गेला होता, तिथनं त्यानं फोनवर मला सांगितलं. गाडीत बसायचं, दार लावायचं, किल्ली चालू-बंद, चालू-बंद करायची आणि लगेच रिमोटचं बटन दाबून धरायचं. मी ते तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. फक्त मधी थोडी भर घातली. किल्ली चालू-बंद केली की खाली उतरायचं, गाडीला एक फेरी मारायची, हॉर्न वाजवायचा, मग बटन.

तात्या फेरी मारत होते तेव्हा शेजारची म्हातारी फाटकासमोरनं जात होती. थांबली. घरी गेली आणि आरतीचं ताट घेऊन आली. "नवी घेतली व्हय, तात्या? जुनीच दिसती की."

तात्या फेरीवर. बोलायचं नाही, असंही मी सांगून ठेवलं होतं. म्हातारीनं बॉनेटला कुंकू लावलं, पेढ्याची वाट बघितली आणि नाराज होऊन गेली.

रफिक आला. "सांगितल्यागत केलं का?"

"तू सांगितलंस त्ये केलं," तात्या म्हणाले, "आन् आबानं सांगितलं त्ये पन केलं."

रफिकनं कपाळाला हात लावला. चालू-बंद केल्यावर लगेच बटन दाबावं लागतं, गाडी फेरीसाठी थांबत नसते. मग त्यानं स्वतः सगळं नीट करून बघितलं. पण त्या रिमोटानं काही ओळख दिली नाही. ओवीनं त्याची बटनंही दाबून दाबून पार मऊ केली होती. तो रिमोट तात्यांच्या घरात नुसता खुंटीला लटकत राहिला.

*

दसरा जवळ आला. शेवटी रफिकनं तात्यांच्या ओसरीवर बसून पहिला रिमोट खोलला. वर पातळ रबर, खाली बारकी हिरवी पट्टी. त्यानं रबर उचललं आणि तसाच बघत बसला. मी डोकावलो.

आत कुंकू. हळद. नारळाचं पाणी वाळून झालेला चिकट थर. आणि ज्या बटनानं दार उघडतं, बरोबर त्या बटनाखाली अक्षतेचा एक दाणा.

दर दसऱ्याला वहिनी गाडी धुऊन घ्यायच्या, हार घालायच्या. कोयता, पान्हे, शिलाई मशीन, सगळ्याबरोबर गाडीची किल्लीही ताटात. हळदकुंकू, अक्षता, वरनं नारळाचं पाणी. इतक्या वर्षांची पूजा रिमोटच्या पोटात साठली होती.

"ह्यो रिमोट न्हाय, काकी," रफिक वहिनींना म्हणाला. "देव्हारा हाय."

त्यानं जुन्या टूथब्रशनं आणि स्पिरिटनं सगळं साफ केलं. बटन दाबलं. पहिल्या दाबाला गाडी उघडली. तात्यांनी रफिकच्या पाठीवर असा हात मारला की ब्रश उडाला. रफिक दाणा झटकणार, तेवढ्यात वहिनींनी तळहात पुढं केला.

"टाकू नगा," वहिनी म्हणाल्या. "प्रसाद हाय त्यो."

*

मी वहिनींना बजावलं, "औंदा रिमोटची पूजा न्हाय. सुहास बघाय येनार हाय."

"सगळी हत्यारं पुजायची आन् ह्यालाच तेवढं उपाशी ठेवायचं व्हय?"

मग डोकं चालवलं मी. तो खुंटीवरचा बंद रिमोट होता ना, तो ताटात ठेवायचा. चांगला तात्यांच्या खिशात. पण दोन्ही दिसायला जुळे, आणि दोन्हींना किल्ल्या सारख्याच. घोटाळा होऊ नये म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः चांगल्या रिमोटला लाल दोरा बांधला. तात्यांना सांगितलं, "दोऱ्याचा त्यो आपला." वहिनींना सांगायचं राहिलं.

आता तुम्हीच सांगा, दसऱ्याच्या सकाळी एखाद्या वस्तूला लाल दोरा बांधलेला दिसला तर बाईमाणूस काय समजणार? पूजेलाच काढून ठेवलाय. वहिनींनी दोऱ्याचा रिमोट ताटात घेतला, हळदकुंकू वाहिलं, दोरा सोडून कोयत्याला बांधला आणि नारळ फोडला. खुंटीवरचा बंद रिमोट तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेऊन ठेवला. तात्या अंघोळीला गेले होते.

सुहास आला. झेंडूचा हार घातलेली गाडी दारात. तात्या ओसरीवर उभे राहिले, नवा सदरा, नवी टोपी. "बघ आता," म्हणाले आणि दोरा आहे का नाही ते न बघताच बटन दाबलं.

गाडी गप्प.

तात्यांनी रिमोट हनुवटीला लावला. आ केला. दाबला. सुहासनं माझ्याकडं बघितलं. मी झेंडू मोजायला लागलो.

सुहास काही लागट बोलला नाही. नुसता फोन काढला. "तात्या, एकजण आहे ओळखीचा, जुन्या गाड्या घेतो. त्याला नुसतं विचारून ठेवतो." तात्यांनी टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले.

तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. तात्यांच्या हातातनं रिमोट घेतला. त्याचं बटन बघितलंसुद्धा नाही. रिमोटच्या कडीतली किल्ली धरली, गाडीपाशी गेल्या, दाराच्या भोकात घातली आणि फिरवली. लोण्यात सुरी जावी तशी फिरली. टक् करून चारी दारं उघडली.

वहिनींच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास येत होता. डाळजहून आल्या दिवसापासून रोज दुपारी, आम्ही दोघं चौकात गेलो की, त्या तिथं तेल सोडत होत्या.

आपट्याची पानं मांडीवर घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. "सुहास, चल. मावशीला सोनं द्यायाचं हाय. ऊन व्हायच्या आत."

सुहासनं फोन खिशात ठेवला. वाकून दाराच्या त्या भोकाला बोट लावून बघितलं. मग मागचं दार उघडून बसला आणि म्हणाला, "तात्या, तुम्हीच चालवा."

तात्यांनी टोपी घातली.

मी खिडकीशी वाकलो. राहवलं नाही. "वहिनी, किल्लीनं उघडतंय ह्ये तुमाला ठावं हुतं. आमी दोघं इतकं दिस त्या रिमोटापायी रफिकच्या बाकावर झिजलो. सांगितलं का न्हाय?"

वहिनींनी पानं नीट केली. म्हणाल्या, "सांगितलं आसतं तर तुमी दोघं दिवसभर माझ्या घरातच बसला आसता की, भावजी."