आईने ओतून दिलेला खेकड्याचा रस्सा

आजोबांची तेरवी उरकली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी टोपलंभर झिंगे आले… सत्तर वर्षं होत आली या गोष्टीला, पण आठवलं की अजून डोकं तापतं. म्हणून आज लिहूनच टाकते.

गाव सिंदेवाहीपासून चार कोसांवर. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणायचे. आम्ही ढिवर, गावच्या तलावावर पोट. झिंगे शिजले नाहीत असा आठवडा आमच्याकडे जायचा नाही… आणि मला दम लागला नाही असाही.

मी अकरा वर्षांची. आधी ओठ खाजायचे, मग अंगावर गांधी उठायच्या, मग छातीत शिट्टी वाजायला लागायची. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून मी ओसरीवर बसून राहायची, पोरं खेळताना बघत… ॲलर्जी हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचायचा होता.

आणि दम्यावर आमच्या घरचं औषध काय? खेकड्याचा रस्सा! धानाच्या बांधीतले खेकडे आणायचे, पाट्यावर ठेचायचे, फडक्यातून गाळायचे, मिरं-लसूण घालून उकळायचं आणि पोरीच्या नरड्यात ओतायचं. म्हणजे झिंग्याने दम लागला की वरून खेकडा… एका दिवसात उतरला असता तो दम तीन-तीन दिवस मुक्काम ठोकायचा.

हा रस्सा करायची मोठी आई, माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. सर्दी-खोकल्याला अख्खं गाव तिच्याकडे यायचं. वाईट बाई नव्हती, मला मांडीवर घेऊन पाजायची… पण कोणी शंका काढली की तिला खपायचं नाही. "आपल्या बांधीतला खेकडा हाये, काई दुकानातली गोळी नोहे. यानं कोनाले काऊन बाधीन?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

आईच्या मात्र कधीच लक्षात आलं होतं. मरळ, बोटरी असली कुठलीही मासोळी खाल्ली, तर मला काही व्हायचं नाही. झिंगे किंवा खेकडा पोटात गेला की व्हायचं. तिने बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, वहिनीले विचार. वहिनीला म्हणजे मोठ्या आईला विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून हसली… "ढिवराच्या पोरीले झिंगे बाधते म्हनते, आयका!"

मग आजोबा गेले. सुतकात घरात मासोळी शिजली नाही. ते तेरा दिवस मी नुसती पळत होते… विहिरीवरून पाणी आणलं, चिंचेखाली लंगडी खेळले, एकदाही छाती वाजली नाही. आई रोज सकाळी माझ्या पाठीला कान लावून बघायची.

आणि चौदाव्या दिवशी ते टोपलं. आई नको नको म्हणत असताना मोठ्या बाबांनी, म्हणजे बाबांच्या त्या थोरल्या भावाने, स्वतःच्या हाताने माझ्या ताटात झिंगे वाढले. जेवण संपायच्या आत ओठ सुजला, शिट्टी सुरू झाली… आणि मोठी आई उठली खेकडे ठेचायला!

जरा थांबावं, बघावं, असं एकाही माणसाला वाटू नये? याचाच मला संताप येतो. तेरा दिवस मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते ना!

वाटी माझ्या ओठांना लागली आणि आईने ती हिसकावून घेतली. जेठासमोर डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी माझी आई… तिने चुलीवरचा गंज, म्हणजे ते अख्खं पातेलंच, उचललं आणि सगळा रस्सा उकिरड्यावर ओतून आली. "माराल का पोरीले?" ती ओरडली. "तेरा दिवस धावून राह्यली होती थे. दिसलं नाई कोनाले?"

संध्याकाळपर्यंत माझा दम उतरला. पहिल्यांदाच, त्याच दिवशी. पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही… चर्चा झाली ती अन्नाच्या अपमानाची. मोठ्या बाबांनी शेजारपाजारच्यांना बोलावलं आणि आईला सगळ्यांदेखत मोठ्या आईच्या पाया पडायला लावलं. बाबा खाली मान घालून बिडी ओढत बसले होते. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आई पाया पडली. उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पाया पडली मी. पन पोरीले थे देनार नाई."

नाहीच दिलं. अंगणाच्या कोपऱ्यात तिने दुसरी चूल मांडली, माझं भांडं वेगळं केलं. पेज, आंबील, भाजी, कधी मरळीचं कालवण. 'महाराणीचा सैपाक' म्हणून टोमणे ऐकले, पण चूल मोडली नाही. तसा दम मला पुन्हा कधी लागला नाही.

आणि श्रेय कोणाला? मोठी आई मरेपर्यंत सांगायची, "या पोरीचा दमा म्या रस्सा पाजून काढला!" माझ्या लग्नात तिने सासरच्यांनाही हेच ऐकवलं, वर सोबत सुकवलेल्या झिंग्यांचं गाठोडं दिलं. आई शेजारीच उभी होती… निघताना तिने ते गाठोडं माझ्या सामानातून गुपचूप काढून घेतलं.

आई जाऊन खूप वर्षं झाली. तुझं बरोबर होतं, असं तिला त्या घरात कोणी कधी म्हटलं नाही… मीसुद्धा नाही. आधी मोठ्यांचा धाक होता, आणि नंतर राहूनच गेलं.

तिला पाया पडायला लावलं ते चारचौघांत. म्हणून मीही हे चारचौघांतच लिहितेय… आई, तुझं बरोबर होतं. मी जिवंत आहे ती तुझ्यामुळे.