पाणी पिवळं होतंय का

स्वयंपाकघरात पहिल्यांदा ओल दिसली तेव्हा मी मांजराला शिव्या घातल्या. तिनेच काहीतरी सांडलं असणार म्हणून फडकं फिरवलं आणि भाकऱ्या थापायला बसले. भाकऱ्या होईपर्यंत फरशीच्या त्याच सांध्यातून पाणी पुन्हा वर आलेलं. बोट लावलं तर बर्फासारखं गार. आषाढ संपत आला होता, पाऊस धरून होता आणि आमचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून बसलेलं. मागची भिंत आणि डोंगर यांच्यामध्ये एक गटार आणि चार केळी, एवढीच काय ती जागा होती.

आमच्याकडे पावसात जमिनीतून आपोआप पाणी फुटतं, त्याला उपळा म्हणतात. शेतात फुटतो, वाटेवर फुटतो, दसऱ्यापर्यंत वाहतो आणि आटतो. पूर्वी शेणाने सारवलेल्या घरांतही फुटायचा. मग बायका त्याला हळदकुंकू वाहायच्या, गंगा घरात आली म्हणायच्या आणि उंबऱ्यापर्यंत चर काढून तिला बाहेर वाट करून द्यायच्या. त्यात भिण्यासारखं काही कुणाला वाटत नसे. पण काही वर्षांपूर्वी दरीपलीकडची एक वाडी भर पावसात दरडीखाली गेली, आणि तेव्हापासून घरात पाणी फुटलं की माणसं आधी डोंगराकडे बघायला लागली. ती वाडी म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर. आई, भाऊ, भावजय, भाच्या, कुणी उरलं नाही. सासूबाई नुकत्याच तिथून माहेरपण करून परतल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्या दिवसांबद्दल त्या अवाक्षर काढत नसत. आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं.

तर आता प्रश्न साधा होता. फरशीखालचं पाणी नळाचं की डोंगराचं? नळाचं असेल तर पाइप दुरुस्त करायचा आणि पडून राहायचं. डोंगराचं असेल तर घर सोडायचं. नवऱ्याने मुंबईत गोडाऊनवर ओझी वाहून हे घर बांधलं होतं, कोबा घातला होता, वर गुळगुळीत फरशी बसवली होती. घर सोडायचं हे तोंडातून काढणंसुद्धा अवघड.

सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. “नळच हाय,” त्या म्हणाल्या. फरशीकडे न बघताच म्हणाल्या.

शेजारची काकी तोवर वास लागल्यासारखी आलीच. हातात कुंकवाची डबी. आमच्या वाडीत एवढी देवभोळी बाई दुसरी नाही आणि एवढी चौकसही नाही. फरशीपुढे बसली, पदर सावरला, म्हणाली, “गंगा आली गो घरात. मान द्या तिला. मान नाय दिला की कोपते.”

सासूबाईंनी तिचा हात धरला. धरला म्हणजे चांगला आवळला. “नळाच्या पान्याला कोन कुंकू वाहतंय? उठ.”

काकी फणकाऱ्याने निघून गेली. मला नवल वाटलं. माझी सासू बोअरिंगच्या मशीनलाही नारळ फोडणारी बाई. तिने कुंकवाला नको म्हणावं?

मी गावची आशा सेविका. गोळ्या, गरोदर बायका, बाळांची वजनं आणि त्यात पाण्याची तपासणी. वरच्या टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकतात, ती नळापर्यंत पोचते की नाही ते बघायला माझ्याकडे ओटीची बाटली असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर पाण्यात पावडर आहे, नाही झालं तर नाही. झऱ्याच्या पाण्यात पावडर कुठून येणार? एवढं सरळ गणित मला सुचलं याचा मला भारी अभिमान वाटला. सुईच्या सिरिंजने सांध्यातलं पाणी ओढलं, नळीत घेतलं, थेंब टाकले.

सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. “झालं काय गो पिवळं?”

झालं. फिकट, चहात दूध जास्त झाल्यावर दिसतो तसा रंग, पण पिवळं झालं. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “मी बोललो ना, लीकेजच असणार. टेन्शन नको घेऊ, प्लंबरला बोलव.” पाइप फुटला म्हणून एवढा आनंद झालेलं घर तालुक्यात दुसरं नसेल.

पोलादपूरहून प्लंबर आला. बडबड्या माणूस, कानात एका बाजूला इयरफोन तसाच. आधी घराच्या नळाची मुख्य चावी बंद करून बघितली, मग उघडली. पहारीचं एक टोक फरशीवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला आणि सगळं स्वयंपाकघर असं ऐकत फिरला. ओट्याखाली थांबला. मलाही ऐकायला लावलं. आत कुणीतरी दात आवळून श्वास सोडतंय तसा आवाज. फरशीवर पहार ठोकली तर तिथे पोकळ वाजत होतं. खालचा मुरमाचा भराव पाण्याने धुऊन गेला होता.

दोन फरश्या निघाल्या, कोबा फुटला. छिन्नीचा घाव बसला की सासूबाईंचे खांदे उडत. खाली चिखल, आणि चिखलात नळाचा कोपरा, ज्याला हे लोक एल्बो म्हणतात. पाइप फुटलेला नव्हताच. तो एल्बोतून बोटभर बाहेर सरकला होता आणि फटीतून पाणी उडत होतं.

“असा कसा निघाला?” मी विचारलं.

“सोल्युशन कमी लावलंय बसवताना,” तो म्हणाला. “नायतर असा खेचल्यासारखा नाय निघत.”

खेचल्यासारखा. शब्द त्याच्या तोंडून निघाला, माझ्या कानावर पडला आणि सासूबाई चहा घेऊन आल्या म्हणून तिथेच विरला. कोण खेचणार त्याला फरशीखाली, हे आम्हा तिघांपैकी कुणीच विचारलं नाही. नवीन एल्बो बसला, पांढरा स्वच्छ. खड्ड्यात मुरूम दाबला, वर सिमेंट ओतलं. सासूबाईंनी त्या दिवशी गोडाचा शिरा केला आणि काकीकडे मुद्दाम वाटी पाठवली. “नळ हुता म्हनावं,” असा निरोपही.

पावसाने उघडीप दिली. स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत. मी अनवाणी फिरून बघायची, हात लावून बघायची. सासूबाई श्रावणाच्या तयारीला लागल्या, नवरा फोनवर गणपतीच्या रजेचं बोलायला लागला. आमचं सगळं जिथल्या तिथे बसलं होतं.

मग पाऊस परत आला, दिवसभर एका लयीत कोसळणारा. सकाळी चूल पेटवायला गेले तर नवीन सिमेंटच्या कडेने पाण्याची रेघ. ती ओट्याखालून दारापर्यंत गेलेली. मी धावत बाहेर जाऊन चावी बंद केली. भांडी घासली, केर काढला, कपडे भिजत घातले, मनात नसलेली सगळी कामं केली आणि मग परत येऊन बघितलं. पाणी आटलं नव्हतं. वाढलं होतं. मागच्या भिंतीच्या खालच्या अंगाला बोट जाईल एवढी भेग पडली होती, ती काल नव्हती.

ओटीची बाटली काढली. नळीत पाणी घेतलं. काचेसारखं नितळ. थेंब टाकले, हलवलं, खिडकीपाशी उजेडात धरलं. अजून थोडे थेंब टाकले. आपण काय चूक केली ते तेव्हा डोक्यात आलं. पिवळं झालं म्हणजे त्यात नळाचं पाणी आहे, एवढंच ती बाटली सांगते. त्यात दुसरं पाणी नाही, असं ती कुठे सांगते? पहिल्या दिवशी दोन्ही पाणी एकत्र होती. आम्ही त्यातलं हवं तेवढं बघितलं. आणि तो पाइप कुणी खेचला हेही आता विचारायची गरज उरली नव्हती. घराखालची जमीनच चालायला लागली होती.

“झालं काय गो पिवळं?” दारातून सासूबाईंनी विचारलं.

“नाही, आत्या.” मी त्यांना आत्या म्हणते.

त्या आल्या, माझ्या हातातली नळी बाजूला ठेवली, ओंजळीत ते फरशीवरचं पाणी घेतलं आणि मी अडवायच्या आत प्यायल्या. तोंडात घोळवलं. “गोड हाय,” म्हणाल्या. “असंच गोड हुतं.” आणि तशाच ओल्या हाताने देवघराकडे जाऊन देव उचलले, कापडात बांधले. मला म्हणाल्या, “चल. कापडं घे, कागदं घे. भांडी राहू दे.” घर सोडायला त्यांची समजूत कशी काढायची याची वाक्यं मी जुळवत होते. ती तशीच राहिली.

खाली उतरायची वाट काकीच्या पडवीवरून जाते. पडवीत, जात्याच्या बाजूला, कोब्याच्या चिरेतून पाणी वर येत होतं. काकीने भोवती रांगोळी घातली होती. हळद, कुंकू, दोन जास्वंदी, उदबत्ती. सासूबाईंना बघून तिचा चेहरा फुलला. “बघ, माझ्याकडंपन आली,” ती म्हणाली. “तुम्ही मान नाय दिलात, मी दिला.”

सासूबाई पडवीत चढल्या आणि पायाने ते सगळं पुसून टाकलं. हळदकुंकवाला चुकून पाय लागला तर कानाला हात लावणारी बाई ती. तिने टाचेने घासून घासून पुसलं, उदबत्ती लाथाडली. काकी किंचाळली. “अवदसा आठवली काय गो तुला?”

“माझ्या आयशीच्या चुलीशी असंच आलं हुतं,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “आई घाबरली हुती. खाली साळेत जाऊ म्हनत हुती. मी म्हनलं, अगो, गंगा आली, घाबरतेस काय. मीच कुंकू वाहिलं. मीच तिला बसवलं तिथं. आनि मी इथं निघून आले.”

पाऊस पडतच होता. एवढी वर्षं एका ताटात जेवलो, एका खोलीत झोपलो आणि ही बाई हे एकटी घेऊन वावरत होती. मला रडू फुटलं, त्यांना नाही. त्या काकीच्या पायाकडे बघत उभ्या होत्या, ते हलतात का ते बघत.

काकी आत गेली. मला वाटलं दार लावून घेते. ती आली ती नवऱ्याला हाताला धरून, म्हशीचं दावं सोडत, आम्हाला शिव्या देत. खालच्या शाळेपर्यंत शिव्या देत आली. वाटेतल्या घरांतून माणसं बघत होती, त्यांतली काही मागून निघाली.

श्रावण संपता संपता डोंगर आला. सगळा नाही. आमचं स्वयंपाकघर, काकीची पडवी आणि वाटेचा तुकडा घेऊन गेला. आत माणूस नव्हतं. नंतर आम्ही बघायला गेलो तेव्हा लाल चिखलातून नळाचं एक टोक वर आलं होतं आणि त्याला तो नवीन एल्बो तसाच, पांढरा, पक्का बसलेला. प्लंबरने काम चोख केलं होतं.

आता आम्ही महाडला एमआयडीसीच्या बाजूला एका खोलीत राहतो. सकाळी पाळीच्या बसेस गेल्या की नळाला पाणी येतं. पावडरीचा वास असा की चहा बिघडतो. नवरा सुट्टीला आला की कटकट करतो, पाणी तोंडाला लावत नाही.

सासूबाई पहिला तांब्या भरतात, नाकाशी नेतात आणि मोठा श्वास घेतात. “वास येतोय ना?” त्याला म्हणतात. “मग पी.”